खाडीतले दोन बांबू

मी घर सोडलं त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती, दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि आईने तिसऱ्यांदा सुक्या जवळ्याची पिशवी माझ्या हातातल्या बॅगेत कोंबली होती. आधी दोनदा मी ती गुपचूप बाहेर काढून ठेवली होती, कारण कॅनडाच्या विमानतळावर त्या वासाचं काय होईल या विचारानेच मला घाम फुटत होता. बाबा ओट्यावर बसून जाळं सांधत होते. मी पाया पडायला वाकलो तरी त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "पानी बघून ये."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तरी मी गेलो. करावे गावातल्या आमच्या घरापासून जेटी चार मिनिटांवर. तिच्या पायऱ्या खाडीत उतरतात आणि पाणी कितव्या पायरीवर आहे त्यावरून होडी कधी काढायची ते ठरतं. शाळेत जायच्या आधी पळत जाऊन पाणी बघायचं आणि बाबांना येऊन सांगायचं, हे माझं काम मी सात वर्षांचा असल्यापासून होतं. त्या दिवशी नव्या बुटांनी गेलो, बघितलं, परत आलो. "तिसऱ्या पायरीवर हाय," म्हटलं. बाबा म्हणाले, "मंग निघ."

बस्स, एवढंच. मला फार लागलं ते. मुलगा एवढ्या लांब चाललाय आणि बापाला पाण्याची पडलीये, असं मनात धरून मी विमानात बसलो. आणि खरं सांगायचं तर तो राग मी चांगला वीस वर्षं जपला, खतपाणी घालून.

हे मी लिहितोय ते आधी माझ्या धाकट्या भावासाठी, नरेशसाठी. आणि मग तुमच्यासाठी, जे करावे, मोरा, पावणे असल्या गावांतून उठून कुठे कुठे गेलात आणि तिकडे लोकांना आपल्या घरच्या गोष्टी सांगता. त्या गोष्टी सांगताना मी काय गाळलं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

मी कॅनडात एका विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतो आणि एका लहानशा बाप्टिस्ट चर्चचा पास्टर आहे. गावात अजून कोणाला हे नीट पटलेलं नाही. काहींना वाटतं मी वेड्यांचा डॉक्टर आहे, काहींना वाटतं फादर आहे, आणि फादर असून बायको कशी, हा प्रश्न माझ्या एका चुलतीने माझ्या बायकोच्या तोंडावर विचारलेला आहे. बायको कॅनडातलीच. तिला बोंबील आवडतात, वास आवडत नाही.

याची सुरुवात मात्र गावाशेजारीच झाली, नेरूळला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझं काहीतरी बिनसलं. आज मी वर्गात त्याला नाव देतो आणि लक्षणं फळ्यावर लिहितो. तेव्हा त्याला नाव नव्हतं. मी उठायचो नाही, जेवायचो नाही, पाणी बघायला जायचंही बंद केलं. ते काम नरेशकडे गेलं. आईने देवीला नवस बोलला. बाबांनी चार दिवस मला ओढून होडीवर नेलं आणि पाचव्या दिवशी घरी सोडून एकटे गेले. मग वर्गातला एक मित्र मला गिटार ऐकायला चल म्हणून घेऊन गेला. एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तेलुगू बाप्टिस्टांची छोटी मंडळी भरायची. तिथले पास्टर रत्नम आंध्रातल्या कोरड्या भागातले, उतारवयाचे, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी मला काही विचारलं नाही. दर बुधवारी प्लास्टिकच्या खुर्चीवर समोर बसायचे आणि ऐकायचे. कधी कधी मी तासभर गप्पच असायचो, तर तेही गप्प. सहा महिन्यांनी मी पुन्हा भात खायला लागलो. पुढे मानसशास्त्र शिकलो ते त्या खुर्चीमुळे, आणि पास्टर झालो तेही त्याच खुर्चीमुळे.

मी बाप्तिस्मा घेणार हे घरी सांगितलं तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले. "आपला देव काय कमी परला तुला?" त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. एका ताटाच्या अंतरावर जेवायला बसायचे, पण मीठ हवं असेल तर आईकडून मागून घ्यायचे.

बाप्टिस्टांत डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणसाला अख्खा पाण्यात बुडवून वर काढतात. हॉलमध्ये तशी सोय नव्हती. पास्टर म्हणाले, तुझ्या गावाला खाडी आहे ना, मग तिथेच घेऊ, रविवारी उपासना संपली की अकरा वाजता. मी मान डोलावली. लहानपणापासून पाणी बघणारा मी, माझ्या डोक्यात आलंच नाही की पाणी घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतं. इतक्या मोठ्या दिवशी पाणी असणारच, असं मी धरून चाललो होतो.

अकराला आम्ही तीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत जेटीवर उभे राहिलो आणि समोर नुसता चिखल. पार लांब, कांदळवनाच्या पलीकडे, पाण्याची एक रेघ. मासळी निवडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबा तिथेच जाळं घेऊन बसले होते. ते उठले, माझ्याकडे न बघता पास्टरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज सातम हाय. आता पानी नाय. सांजच्याला पाचला या." पास्टरांनी हात जोडले. बाबा परत जाऊन बसले.

पाचला आलो तेव्हा पाणी भरलेलं होतं आणि त्यात दोन बांबू रोवलेले होते, पायऱ्यांपासून थोडे पुढे, एकमेकांपासून सात-आठ हातांवर. त्यांच्या टोकांना निळी दोरी बांधली होती. आमच्या खाडीत तळ सगळीकडे सारखा नाही. एका ठिकाणी पाय टणक जमिनीवर टेकतो, तर त्याच्या बाजूलाच गुडघाभर रुततो आणि निघता निघत नाही. त्या दोन बांबूंच्या मधला तळ अंगणासारखा टणक होता. पास्टर रत्नमना पोहता येत नव्हतं. ते चाचपडत माझ्याबरोबर बांबूंच्या मधे आले, प्रभूने जागा तयार करून ठेवली असं म्हणाले आणि त्यांनी मला पाण्याखाली घेतलं.

निळी दोरी आमच्या होडीतली होती. मी ती बघितली आणि कोणाला काही बोललो नाही. बाबा तिथे नव्हते. घरी गेलो तर ते जेवत होते आणि आईने माझ्यासाठी पाणी तापवलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ माझ्याकडे मागितलं.

कॅनडात मी ज्या गावात राहतो तिथून समुद्र हजारेक मैलांवर आहे. पहिल्या हिवाळ्यात गाडी सुरू होईना म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. शेजाऱ्याने येऊन दाखवलं की इथे गाडीला पण रात्रभर प्लग लावून ऊब द्यावी लागते. मग हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. फावडं, थर्मल, ज्याने त्याने पदार्थ आणायचं पॉटलक, नोकरी पक्की करणारं टेन्युअर. सुट्टीत घरी यायचो तेव्हा बाबा माझ्या नोकरीबद्दल काही विचारायचे नाहीत. विचारायचे ते मासळीचं. "बरफाखाली मासली जगते?" मी बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्यांचं वर्णन केलं तर पोट धरून हसले. एकदा विचारलं, "तुमच्याकडं भरती कवा येते?" मी म्हटलं, आमच्याकडे समुद्रच नाही. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मंग कसं रं कलतं तुमाला?" काय कळायचं ते बोलले नाहीत. माझी कीव आली असावी त्यांना.

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या मागे पडदा आहे आणि पडद्यामागे हौद. शनिवारी बटण दाबून ठेवायचं, रविवारी पाणी कोमट मिळतं. अकराला पाणी असतंच. उतरायला पायऱ्या आहेत, धरायला कठडा आहे, तळाला रबरी चटई आहे. इतक्या वर्षांत मी त्यात कितीतरी माणसं बुडवून वर काढली. आणि दर वेळी, हौदात उतरण्याआधी, एक गोष्ट सांगितली.

"माझ्या बाप्तिस्म्याला माझे वडील आले नाहीत." इंग्रजीत हे वाक्य छान वाटतं. त्यानंतर मी जरा थांबायचो. मग सांगायचो की स्वर्गातला पिता तिथे होता. लोक डोळे पुसायचे. चर्चवाले त्याचा व्हिडिओ नेटवर टाकायचे. हीच गोष्ट मी वर्गातही सांगितली आहे, बापाच्या गैरहजेरीचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते शिकवताना. विद्यार्थी वहीत लिहून घ्यायचे. बांबूंचं मी कधीच सांगितलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं, बाबा आलेच नव्हते. पण बांबू घातले की गोष्ट बिघडायची, लोक रडले नसते. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तरी मी ते गाळत आलो.

या मार्चमध्ये नरेशचा फोन आला. बाबा सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेले. अग्नी नरेशने दिला, माझ्यासाठी थांबणं शक्यच नव्हतं. मी लगेच निघायला हवं होतं. पण चर्चमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अंत्यविधी शनिवारी माझ्याकडे होता, पुढे परीक्षा होत्या. मी म्हटलं, दहाव्याला पोचतो. नरेश "बरं" म्हणाला. त्या शनिवारी मी एका परक्या घरातल्या मुलांना बापाच्या जाण्याबद्दल चार शब्द सांगितले. चांगले बोललात, असं सगळे म्हणाले.

आईचा निरोप होता की विधी नरेश करेल, पण अस्थी दादाच्या हातून खाडीत जाऊ देत. कॅनडातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी फोनवर हळूच विचारलं, पास्टर, तुम्ही तिथे नेमकं काय करणार? मी म्हटलं, बापाला घेऊन पाण्यात उभा राहणार. किती वाजता जायचं, ते नरेशने मला विचारलं. मी मोठा ना. संध्याकाळी मला तिकडच्या विद्यार्थ्यांचा वर्ग व्हिडिओवर घ्यायचा होता, म्हणून मी म्हटलं, दहावा उरकला की अकराला जाऊ.

होय, अकराला.

अस्थींचं मडकं लाल कापडात बांधून मी जेटीवर उभा राहिलो आणि समोर नुसता चिखल. मागे तीस-चाळीस नातेवाईक, सगळे पांढऱ्या कपड्यांत. जेटीच्या टोकाला बाजूच्या सीवूड्सच्या टॉवरमधले सात-आठ लोक मोठमोठ्या लेन्सा लावून बसले होते, कारण ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात चरायला येतात. त्यांनी मोबाइलवर ओहोटीची वेळ बघून ठेवली होती. तसा मोबाइल माझ्याही खिशात होता. पण वीस वर्षं बटण दाबून पाणी मिळवणाऱ्या माणसाला वेळ बघायची सवय उरत नाही. नरेश अठरा वर्षं पावणे इथल्या एका कारखान्यात आहे, कंपनीच्या बसने जातो-येतो. होडी विकून झाली. प्रोफेसरने टाइम दिलाय म्हणजे बरोबरच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

"आज आठम," आई वरच्या पायरीवर बसत म्हणाली. "आता कुठलं पानी? सांजच्याला."

"मग आधी नाही का सांगायचं?" मी चिडून बोललो.

"मना कोनी इचारलं?" आई म्हणाली. "तुजा बाप सांगायचा न इचारता. तो काय आता हाय?"

नातेवाईक एकेक करून घरी गेले. आम्ही तिघं आणि मडकं राहिलो. मग नरेशने, चिखलाकडे बघत, मला ते सांगितलं.

"दादा, तुझा तो चर्चचा व्हिडिओ नाय का, बाप्तिस्म्याचा. बाबांनी बघितला."

मी त्याच्याकडे वळलो. "कधी?"

"दिवालीत. बोलले, दादा काय सांगतो ते सांग मला. मी सांगत गेलो मराठीत. तू बोललास ना, माझे वडील आले नवते, ते पन सांगितलं. काय करू, ते तोंडाकडं बघत होते माझ्या."

"मग?"

"मंग बोलले, खरं हाय. मी नवतो गेलो." नरेशने चिखलात एक खडा टाकला. "परत एकदा लावायला लावला. मंग बोलले, इंग्रजी चांगला बोलतो."

मी मानसशास्त्राचा प्राध्यापक आहे. अशा वेळी माणसाने काय करावं यावर माझे दोन पेपर आहेत. मी जेटीवर मडकं धरून उभा राहिलो.

आईलाही पाण्यात उतरायचं होतं. तिचे गुडघे गेलेत. टणक जागा कुठे आहे ते आता आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. मी मडकं नरेशकडे दिलं, घरी गेलो आणि मागच्या पडवीत बाबांचे बांबू अजून उभे होते त्यातले दोन घेतले. पँट गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरलो. बांबूने टोचत, पाय टाकत, रुतत, पाय उपसत पुढे सरकलो. एकदा मांडीपर्यंत गेलो. कालवाच्या शिंपल्याने तळपाय कापला. वरून ऊन आणि चिखलाचा तो वास. एका फोटोवाल्याने हात हलवून मला बाजूला व्हायला सांगितलं, मी त्याच्या पक्ष्यांच्या आड येत होतो.

पहिला बांबू रोवायलाच तासभर गेला. तो खाली दाबताना मी मधेच थांबलो. पाणी असताना तळ कुठे टणक आहे ते नेमकं कळत नाही आणि बांबू असा खोल रोवता येत नाही. हे काम ओहोटीतच करावं लागतं. म्हणजे त्या रविवारी, "सांजच्याला पाचला या" असं बाबांनी पास्टरांना सांगितल्यावर आम्ही पांढरे कपडे सावरत घरी जाऊन जेवलो आणि आडवे झालो, तेव्हा बाबा इथे होते. तीन महिने माझ्याशी न बोललेला माझा बाप भर उन्हात, सगळं गाव बघत असताना, या चिखलात एकटा उतरला होता. पोराने जो देव धरला त्या देवाच्या कामासाठी जागा शोधत होता, कारण पोहता न येणारा एक म्हातारा पोराला पाण्याखाली धरणार होता. मग अंग धुऊन, काही न सांगता, ते जेवायला बसले असणार.

मी तिथेच बांबूला धरून रडलो. नरेशला वाटलं पाय अडकला, तो चप्पल टाकून खाली आला. दुसरा बांबू आम्ही दोघांनी रोवला.

वर्ग मी रद्द केला. चार वाजायला आले तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "जा रं, पानी बघून ये." नरेश उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं आणि गेलो.

साडेपाचला आम्ही तिघं उतरलो. आईने एका हाताने नरेशला आणि दुसऱ्या हाताने बांबूला धरलं होतं. पाणी कमरेपर्यंत होतं, पायाखाली टणक लागत होतं. विमानात मी एक प्रार्थना लिहून काढली होती. ती खिशातच भिजली. मडक्याचं कापड सोडलं आणि ते पाण्यात वाकडं करताना माझ्या तोंडून माझी स्वतःची, कितीतरी वर्षं न बोललेली बोली आली. "बाबा, तुमी आलते," मी म्हटलं. "तुमी आलते." आईने माझ्याकडे बघितलं. तिला त्या बांबूंचं सगळं ठाऊक होतं. तेव्हा चिखलाने भरलेले कपडे तिनेच धुतले होते ना. तिलाही मी कधी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच बाप्तिस्म्याला मी हौदाशी उभा राहून गोष्ट सांगितली, या वेळी बांबूंसकट. इतकी वर्षं मी अर्धीच सांगत होतो हेही सांगितलं. कोणी डोळे पुसले नाहीत. काही जण माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होते, आणि ते रास्त होतं. ज्याला ही सांगायला हवी होती तो मात्र जुनी, अर्धीच ऐकून गेला, आणि ती खरी आहे असं म्हणून गेला. यावर माझ्याकडे उपाय नाही. माफी मिळते असं मी दर रविवारी सांगतो, ती मागायला समोर माणूस लागतो हे मात्र मी कधी एवढा जोर देऊन सांगितलं नव्हतं.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं. पूर्वी मी यावर छान काहीतरी बोलायचो, दोन्हीकडचं. आता मला एवढंच ठाऊक आहे की जिथे मला कोणी पाणी बघायला पाठवायचं ते माझं घर होतं, आणि पाठवणारा गेला. आई नरेशला सकाळी कंपनीत जायच्या आधी जेटीवर धाडते, तुझ्या भावाला कळव म्हणते. माझ्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. परवा बुधवारच्या प्रार्थनेला निघताना बाहेर बर्फ पडत होता आणि मी गाडीत बसून काच गरम व्हायची वाट बघत होतो. नरेशचा मेसेज आला, "तिसऱ्या पायरीवर." मी तो दोनदा वाचला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने म्हणालो, "मंग निघ."